ऑक्टेनभाऊ

गोंदियाजवळच्या आमच्या बिरसीत सरळ, सपाट आणि खड्डा नसलेला रस्ता एकच आहे. दोन किलोमीटरहून लांब. त्याच्यावर कोणी धान वाळत घालत नाही, म्हशी आडव्या येत नाहीत. अडचण एवढीच की तो विमानांसाठी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे धावपट्टी केली, पुढे ती वाढली, वैमानिक घडवणारी शाळा आली, आणि 2023 च्या डिसेंबरात हैदराबादेहून इंडिगोचं विमानही उतरायला लागलं. कुंपणाच्या अलीकडे मात्र गोंदियाला जाणारा आमचा नेहमीचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर ऑक्टेनभाऊंची टर्बो गाडी.

भाऊंचं खरं नाव सांगत नाही. सांगितलं तरी गावात कोणी ओळखणार नाही.

धानाच्या व्यापारात चार पैसे सुटले तेव्हा भाऊंनी पुण्याहून ही जुनी जर्मन गाडी आणली. रंग लाल, इंजिन एक लीटरचं, पण टर्बो. शून्यापासून शंभरपर्यंत दहा सेकंदांत जाते म्हणतात. मी ती साठच्या पुढे गेलेली पाहिलेली नाही. सुगीत अर्धा रस्ता धानाखाली असतो आणि उरलेल्या अर्ध्यावर गतिरोधक. भाऊंचं म्हणणं मात्र वेगळं.

"मास्तर, गाडी उठून नाही रायली जी. पेट्रोलच बेकार आहे."

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर लिहिलंय : ऑक्टेन किमान 91, उत्तम 95. गाडी घेतली त्या दिवशी भाऊंनी तो वाचला आणि माणूस कामातून गेला. टायरमध्ये हवा कमी असो, मागच्या सीटवर तांदळाची चार पोती असोत, हँडब्रेक ओढलेला असो, दोष पेट्रोलचा.

भाऊ सांगतात, ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद. तसं ते नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा सोशिकपणा. टर्बो इंजिनात हवा दाबून कोंबलेली असते. त्या दाबाने आणि उष्णतेने पेट्रोल ज्योत पोहोचायच्या आधी आपणहून पेटलं की आतून ठकठक येते. चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल तेवढा वेळ दम धरतं. नव्या गाड्यांत ही ठकठक ऐकणारा सेन्सर असतो. तो बोंबलला की ठिणगी जरा उशिरा पडते, इंजिन वाचतं, जोर कमी होतो. आमच्याकडच्या मे महिन्यात, एसी लावून, गाडीचा जोर थोडा बसला तर त्यात नवल नाही. मे महिन्यात आम्हीही बसतो.

भाऊंना पंपावर पाहावं. "साहेब, झिरो बघा," असं पोरगं म्हणतं. भाऊ झिरोकडे ढुंकून पाहत नाहीत. "फिल्टर पेपर आण." हा ग्राहकाचा हक्क आहे, पंपावर तो कागद ठेवावाच लागतो. नोझलचा एक थेंब कागदावर पडतो, उडून जातो, डाग राहत नाही. मग घनता. काचेचं भांडं, हायड्रोमीटर, थर्मामीटर, 15 अंशांवर आणायचं कोष्टक. पंपाच्या वहीतल्या आकड्याशी तीनच्या आत जमलं की माल ठीक. भाऊ विचारतात, "तीनची सूट काहून?" मागे दोन ट्रॅक्टर, एक रुग्णाला घेऊन निघालेला ऑटो आणि मी. गंमत अशी की यातल्या कुठल्याच परीक्षेत ऑक्टेन कळत नाही. ते प्रयोगशाळेत खास इंजिनावर मोजावं लागतं. हे मी एकदा भाऊंना सांगितलं. त्यांनी नोझल हुंगलं आणि म्हणाले, "नव्वद. फार तर नव्वद."

मग इथेनॉल आलं. पेट्रोलमध्ये वीस टक्के. भाऊ संतापले. "बाप्पा, गाडीले दारू पाजून रायले!" त्यात सरकारने तांदळापासूनही इथेनॉल करायला दिलं, म्हणजे भाऊ ज्या कणीचा व्यापार करतात तीच उद्या त्यांच्या टाकीत यायची. ती कणी विकताना त्यांनी कधी घनता मोजून दिल्याचं ऐकिवात नाही. एक मात्र त्यांचं खरं होतं : इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं घसरतं. पण त्याच इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, हे ऐकायला ते तयार नव्हते.

बिरसीत राहून असा माणूस कुंपणापलीकडे पाहणारच. शिकाऊ विमान डोक्यावरून घरघरत गेलं की भाऊ मान वर करून म्हणत, "त्याले शंभर ऑक्टेन भेटते, अन् आमाले?" पेट्रोलवर चालणाऱ्या लहान विमानांना लागतं ते खरंच 100 चं. 2022 मध्ये इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत करायलाही घेतलं. पण त्यात शिसं असतं. आपल्या गाड्यांच्या पेट्रोलमधून ते 2000 साली हद्दपार झालं. गाडीत घातलं तर धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही कामातून जातील. त्याचा रंगही निळा, रेशनच्या रॉकेलसारखा. आणि इंडिगोचं मोठं विमान ज्यावर उडतं ते तर रॉकेलचंच सख्खं भावंड. हे कळलं त्या दिवशी भाऊ अर्धा तास काही बोलले नाहीत. हैदराबादमार्गे तिरुपतीला नेणारं विमान रॉकेलवर उडतं, हा धक्का त्यांना नोटाबंदीपेक्षा मोठा होता.

इंडियन ऑइलने 2020 च्या डिसेंबरात गाड्यांसाठीही 100 ऑक्टेनचं पेट्रोल काढलं, पण आधी मुंबई-पुण्यासारख्या दहा शहरांत. बिरसीचा नंबर त्यात नव्हता. म्हणून भाऊंनी नागपूर धरलं. तिथल्या एका पंपावरचं साधंच पेट्रोल "अव्वल" असल्याचं त्यांना नाकाने कळलं होतं. कामासाठी गेले की टाकी फुल्ल, शिवाय दोन कॅन. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल देऊ नये असा नियम आहे. ते भाऊंनी कसं जमवलं मला ठाऊक नाही, आणि विचारलंही नाही. ते कॅन आमच्या भिंतीलगतच्या त्यांच्या गोठ्यात, तणसाच्या ढिगाशेजारी ठेवलेले पाहिल्यावर मात्र मी आमची झोपायची खोली बदलली.

जूनमध्ये भरलेले ते कॅन सप्टेंबरपर्यंत राहिले. एकाचं बूच हरवलं होतं, तिथे चिंधी कोंबलेली. आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत असेल, भिंतींनाही अंकुर फुटतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊंनी ते राखीव अमृत टाकीत ओतलं आणि मला गोंदियाला नेतो म्हणाले. विमानतळाच्या फाटकासमोर गाडीने दोन उचक्या दिल्या, दिवा पेटला आणि ती थांबली. वरून एक शिकाऊ विमान गेलं. भाऊंनी या वेळी मान वर केली नाही.

मिस्त्री आला. नळी लावून त्याने टाकीतलं थोडं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं आणि बॉनेटवर ठेवलं. दोन थर. वर पेट्रोल, खाली वेगळंच काहीतरी. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पचवतं, पण जास्त झालं की पेट्रोलचा हात सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं, आणि पंप खेचतो तो तळ. वर राहिलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेलं म्हणजे त्याचं ऑक्टेनही उतरलेलं. दोन वर्षांत भाऊंच्या गाडीत खरोखर खराब पेट्रोल पडलं ते हे एवढंच.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, कोणत्या पंपाचं जी हे?"

भाऊंनी बाटलीकडे बराच वेळ पाहिलं. मग ठामपणे म्हणाले, "नागपूरचं."

टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलला, बिल झालं. आम्ही बैलांच्या मागून, एका ट्रॅक्टरवर बसून घरी आलो. ती बाटली आता भाऊंच्या ओसरीत कोनाड्यात आहे, आणि आलेल्या पाहुण्याला चहाआधी ती दाखवली जाते : नागपूरवाले कसे फसवतात. पेट्रोल ते गोंदियातच भरतात, एका वेळी पाचशेचं. झिरो बघतात.