घरचा पूल, घरचीच फजिती

मुखेडात वीज गेली की घरोघरी पंखा थांबतो. ज्याच्या घरी बिटकॉइनची खाण आहे, त्याचं अर्थकारणही थांबतं. खाण म्हणजे टेबलावरचं तळहाताएवढं बिटॲक्स, पंधरा-वीस वॉट खाणारं. दुसऱ्यांच्या पूलमध्ये, म्हणजे मिळून खाणकाम करणाऱ्यांच्या गटात, वाटेकरी कशाला व्हायचं, म्हणून पूलही घरचाच, कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर.

वीज परत येते, राउटर जागा होतो आणि कॉम्प्युटरला नवाच आयपी पत्ता देऊन मोकळा होतो. बिटॲक्स बिचारं जुन्याच 192.168.1.7 चं दार ठोठावत बसतं. मालकाचा संशय मात्र आधी फायरवॉलवर, मग चिनी चिपवर, शेवटी थेट दिल्लीवर. पत्ता जुळला तरी त्याच कॉम्प्युटरवरचा बिटकॉइन नोड मधल्या काळातले राहिलेले ब्लॉक गोळा करत असतो. तोवर पूल उपयोगाचं काम देत नाही. एवढी धावपळ एका ब्लॉकमागच्या 3.125 बिटकॉइनच्या बक्षिसासाठी, जे एवढ्याशा यंत्राला सरासरी हजारो वर्षांतून एकदा लागायचं!

तेव्हा राउटरमध्ये कॉम्प्युटरचा पत्ता आधी कायमचा बांधून टाका. आणि नशिबानं ब्लॉक लागलाच, तर ते बिटकॉइन विकताना प्राप्तिकर खातं नफ्यातले 30 टक्के घेईल. यंत्राचा खर्चही वजा करू देणार नाही.