इंग्रजीतून ‘हो’ म्हणण्याची शास्त्रोक्त पद्धत

मराठी माणूस ‘हो’ म्हणतो आणि अडकतो. इंग्रजीत ही अडचण नाही. तिथे होकाराचे इतके प्रकार आहेत, की नेमका निवडता आला तर सगळ्यांना रुकार देऊन कशातच न सापडण्याची सोय होते. इच्छुकांनी पुढील नियम पाठ करावेत.

१. आरंभ ‘ओके’ने करावा. २३ मार्च १८३९ रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये हा शब्द छापून आला. तेव्हा ‘ऑल करेक्ट’ मुद्दाम ‘ओल कोरेक्ट’ असे अशुद्ध लिहायचे आणि त्याची आद्याक्षरे घ्यायची, अशी थट्टा चालू होती. म्हणजे ‘सगळे बरोबर’ सांगणारा शब्द जन्मतःच चुकीचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावासाठी तो उचलला. निवडणुकीत व्हॅन ब्युरेन पडले, शब्द तेवढा निवडून आला. पथ्य एकच : मेसेजमध्ये नुसता ‘के’ पाठवू नये. समोरचा दिवसभर आपले काय चुकले ते शोधत बसतो.

२. घरात ‘रॉजर’ वापरावा. वैमानिकांच्या भाषेत याचा अर्थ फक्त ‘निरोप पोचला’. सांगितलेले करणार असाल तर ‘विल्को’ म्हणावे लागते, आणि प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे तर ‘अफर्म’. तेव्हा आईने “येताना दळण घेऊन ये रे” म्हटले, की शांतपणे ‘रॉजर’ म्हणावे. खोटे बोलल्याचे पाप नाही आणि गिरणीत पीठ अंगावर घेणेही नाही. ‘विल्को’ चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नये. ऑफिसात हेच काम ‘नोटेड’ करतो.

३. सभेत जपून राहावे. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात ठरावाला ‘आय’ म्हणतात, लॉर्ड्समध्ये ‘कंटेंट’. उमरावांचे नुसत्या संमतीवर भागत नाही, त्यांना संतुष्टही व्हावे लागते. लोकसभेतही अध्यक्षांच्या तोंडी ‘आयेज हॅव इट’ असते. सोसायटीच्या वार्षिक सभेत मात्र ‘आय’ म्हणू नये. मागच्या रांगेतून कोणीतरी “आईवरून बोलायचं काम नाही” म्हणत उठतो आणि पाण्याच्या टाकीचा विषय तिथेच राहतो.

४. मोठ्या मागणीला ‘अ‍ॅग्रीड इन प्रिन्सिपल’ म्हणावे. याचा मराठी अवतार ‘तत्त्वतः मान्य’. शिष्टमंडळ हार घालून परत जाते, फाइल जागची हलत नाही.

५. गप्प बसून भागेल, या भरवशावर राहू नये. आपल्याकडे मौन ही संमती धरतात, इंग्रज न्यायाधीश धरत नाहीत. ‘फेल्टहाउस विरुद्ध बिंडली’ या १८६२च्या खटल्यात काकाने पुतण्याला कळवले होते, की उत्तर आले नाही तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगांना माझा. पुतण्याच्या मनात घोडा द्यायचा होता, पण त्याने उत्तर धाडले नाही. लिलाव करणाऱ्याने चुकून घोडा विकून टाकला. काका कोर्टात गेला आणि हरला.

६. सर्वांत सुरक्षित होकार ‘यस, बट’. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७ नुसार स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त लागते. ‘बट’ आला की ती स्वीकृती राहत नाही, नवा प्रस्ताव होतो. तोंडाने ‘हो’ म्हटल्याचे पुण्य पदरात, आणि चेंडू पुन्हा समोरच्याच्या अंगणात.

स्वाध्याय : पुढील प्रश्नांना बांधील न होता होकार द्या. (अ) “रविवारी सत्यनारायणाला सगळे येताय ना?” (आ) “एवढं प्रेझेंटेशन आज रात्रीत होईल ना?” (इ) “जामीनदार म्हणून तुझं नाव घालू ना?”

उत्तरे तपासून देण्याचे आम्ही तत्त्वतः मान्य केले आहे.