फर्लांगआप्पा

शेळगावात अंतर किलोमीटरमध्ये सांगणारी माणसं आहेत, मिनिटांत सांगणारी आहेत आणि "हे काय, इथंच" असं सांगून पाहुण्याला तासभर चालायला लावणारी तर घरोघर आहेत. फर्लांगात सांगणारा माणूस मात्र एकच. फाट्यावर उतरलेल्या पाहुण्यानं चुकून आप्पांनाच पत्ता विचारला, की आप्पा छत्रीचं टोक पुढं करतात. "देऊळ ना? अडीच फर्लांग. पयला दीड सपाट, मग डावं वळण. तिथं गटाराची ओल हाय, आतल्या अंगानं जाऊ नगा. शेवटच्या अर्ध्याला चढ. दम राखून चाला." पाहुणा बिचारा नारळ फोडायला निघालेला असतो, डर्बी पळायला नव्हे.

गावानं त्यांचं फर्लांगआप्पा असं बारसं केलं, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. शाळेतली पोरं फर्लांग हे त्यांचं आडनावच समजतात. एक फर्लांग म्हणजे 201 मीटर, आणि 8 फर्लांगांचा मैल. जुन्या सडकांवर मैलाच्या दगडांच्या अधेमधे फर्लांगाचे दगड असत. दगड गेले, मैल गेले, आणि फर्लांग राहिला तो रेसकोर्सवर आणि आमच्या आप्पांच्या तोंडात.

आप्पांची सगळी नोकरी पुण्याच्या रेसकोर्सवर गेली. हे ऐकलं की नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोर रंगीत सदऱ्यातला जॉकी उभा राहतो. आप्पा गवतावर होते. घोडे धावून गेले की खुरांनी उखडलेले ढपले जागेवर बसवायचे, पायानं दाबायचे, वर माती भुरभुरायची, पाणी मारायचं. ज्या घोड्यांना बघायला लोक तिकीट काढून यायचे, ते घोडे आप्पांच्या समोरून आयुष्यभर पळाले आणि आप्पांनी ते नीट पाहिलेच नाहीत. त्यांची नजर खाली. घोडा कोणता आला यापेक्षा त्यानं वळणावर किती गवत उपटलं, याचा हिशेब त्यांच्याकडं. त्यातून त्यांचा एकमेव सिद्धांत जन्माला आला: जनावर बघू नका, जमीन बघा.

सिद्धांत खोटा नाही, हे आधीच सांगतो. पुण्याचं रेसकोर्स 1830 सालचं, लष्कर भागातलं. तिथला हंगाम सुरू होतो जुलैत, म्हणजे भर पावसात. मुंबईचं महालक्ष्मी 1883 सालचं. तिथला हंगाम नोव्हेंबरपासून, कोरड्या दिवसांतला. घोडे बहुतेक तेच, क्लब तोच, पण ओल्या गवतात खूर रुतवत पळणं वेगळं आणि कडक जमिनीवर टापा आपटत पळणं वेगळं. पुण्यात नाव काढलेला घोडा मुंबईत मागं पडला, की पैसे लावणारे जॉकीचा उद्धार करतात. आप्पा म्हणायचे, "जॉकी काय करंल? पाय जमिनीला लागत्यात, जॉकीला न्हाय." जमीन किती मऊ आहे ते मोजायला तिथं पेनेट्रोमीटर नावाचं यंत्र असतं. सळईवर ठराविक वजन सोडायचं, सळई किती आत गेली ते बघायचं. त्याचा आकडा शर्यतीआधी जाहीर होतो आणि रेसबुक घेऊन बसलेले जाणकार त्यावरून घोडा बदलतात. निवृत्त होताना आप्पांना नारळ आणि शाल मिळाली. यंत्र काही मिळालं नाही. तेव्हापासून ते छत्री वापरतात. ऐन मे महिन्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, हा माणूस छत्री घेऊन का फिरतो याचं हे कारण. जिथं उभे राहतील तिथं टोक खुपसायचं आणि भुवया उडवायच्या. सरपंचांच्या अंगणातसुद्धा. एकदा नव्यानं सारवलेल्या ओट्यावर खुपसलं, तेव्हा आप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, जे काही जाहीर केलं ते आकड्यात बसणारं नव्हतं.

गावाकडं आल्यावर आप्पांनी बैलगाड्यांच्या मैदानांवर विद्या चालवायला घेतली. तिथं त्यांची जरा वट बसते न बसते तोच 2014 साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. पुन्हा परवानगी मिळाली ती थेट 2021 च्या डिसेंबरात. मधल्या साडेसात वर्षांच्या दुष्काळात आप्पांच्या हाती नातवानं मोबाइल दिला, डेटा स्वस्त झाला आणि शेळगावचा माणूस इंग्लंडला निघून गेला. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. धार काढून झाली की आप्पा खाटेवर बसून इंग्लंडातलं गवत बघत. आवाज बंद. "विंग्रजी कळत न्हाय, पर माती कळती."

फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मग व्याख्यानमालाच सुरू झाली. ब्रिटनमध्ये 59 रेसकोर्स आहेत आणि एकासारखं दुसरं नाही, हे ऐकून आप्पांना जो आनंद झाला तो आम्हाला उसाला वाढीव हप्ता मिळाल्यावरही होत नाही. कारण साधं आहे. तिकडं आधी माळ होता, टेकडी होती, नदीकाठ होता आणि लोक तिथंच घोडे पळवायला लागले. कुंपण मागून आलं. अमेरिकेत बहुतेक सगळे ट्रॅक एका साच्यातले, सपाट, लंबगोल आणि डाव्या हाताचे. आप्पा अमेरिकेबद्दल बोलतच नाहीत.

इंग्लंड त्यांनी आम्हाला असं शिकवलं. "चेस्टर म्हंजी खळं." 1539 पासून तिथं घोडे पळताहेत, चालू असलेल्या रेसकोर्सांत सगळ्यांत जुनं. पुरा फेरा मैलाहून थोडासाच जास्त, सतत वळण. "मळणीची पात आठवा. मेढीजवळचा बैल निवांत चालतो, कडंचा पळून पळून मरतो. चेस्टरला सुटताना आतल्या कुंपणाजवळची एक नंबरची खोली मिळाली, की घोडा मेढीजवळचा झाला." आम्हाला हे एका वाक्यात कळलं. न्यूमार्केटची रौली माइल म्हणजे नवा पालखी मार्ग. नाकासमोर, रुंद, लपायला जागा नाही. एप्समला डर्बी 1780 पासून. अंतर आपल्या महालक्ष्मीच्या डर्बीएवढंच, 12 फर्लांग. पण महालक्ष्मी ही परात आणि एप्सम हा घाट. आधी चढायचं, मग उतारावरच डावीकडं वळायचं आणि पुढचा सरळ पट्टाही एका अंगाला कललेला. "घाट उतरणारी उसाची ट्रॉली बघितली का? उतार, वळण आन् कल, तिन्ही एका टायमाला. तिथं ज्येचा तोल ऱ्हातो त्यो डर्बीचा घोडा." चेल्टनहॅमला शेवटचा चढ असा, की अडथळे ओलांडून पुढं आलेला घोडा त्यावर चालत असल्यासारखा दिसतो. आणि फाँटवेलला अडथळ्यांचा एक ट्रॅक चक्क इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आहे. हे ऐकून टपरीवाला म्हणाला, "मग आरटीओच की वो ते! लायसनला आम्हालाबी आठ काढाय लावला हुता." आप्पांना ही उपमा स्वतःला न सुचल्याचं फार वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात ती त्यांनी स्वतःची म्हणून सांगितली.

हे सगळं गोड चाललं होतं. एक दिवस शेतकीचा डिप्लोमा झालेला, डाळिंबाची बाग करणारा एक पोरगा मधेच म्हणाला, "आप्पा, चेस्टरला एक नंबरवाल्याला फायदा असतो हे शेळगावात तुमाला कळलं. मग तितल्या बुकीला कळलं नसंल का?"

टपरीवर शांतता पसरली.

"डाळिंबाला पुण्यात भाव चढला ही बातमी साऱ्या तालुक्याला लागली, की दुसऱ्या दिवशी सारे टेम्पो पुण्यात. मग भाव ऱ्हातो का? तसंच हे. एक नंबरच्या घोड्याला बुकी भावच देत नसणार."

पोरगं बरोबर होतं. बुकी भाव लावतो तो नुसत्या घोड्याला नव्हे; घोडा, अंतर, वळण, खोलीचा नंबर हे सगळं त्या भावात आधीच कालवलेलं असतं. टोटवर तर सरळ हिशेब. लोकांचे पैसे एका डबक्यात जमा, त्यातला कर आणि क्लबचा टक्का बाजूला काढला की उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. सगळ्यांनी एकाच शहाणपणानं एकाच घोड्यावर लावलं आणि तो आलाच, तर प्रत्येकाच्या वाट्याला शहाणपणच येतं.

आप्पा उठले. चहाचे पैसे द्यायचे विसरले. पुढचे तीन दिवस फाट्यावर फिरकले नाहीत. काकींनी सांगितलं, जेवतात पण बोलत नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता थेट पोराच्या बागेत जाऊन उभे. छत्री जमिनीत रोवली आणि एकच शब्द बोलले.

"पाऊस."

"आं?"

"भाव सकाळी लागतो. पाऊस दुपारी येतो. जमीन बदलती, रेसबुक बदलत न्हाय. त्या वक्ताला ज्येची छत्री जमिनीत, त्योच शाना."

हे उत्तर मला आजही बिनतोड वाटतं. इंग्लंडच्या हवेत तर फारच; तिकडं पहिली शर्यत चांगल्या जमिनीवर होते आणि शेवटची चिखलात. पोरानं मुकाट डाळिंबाची पिशवी भरून दिली.

पण विद्येची परीक्षा शेवटी मैदानातच. शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर गावातल्या एका गाडामालकानं जुन्नरकडून एक बैल आणला. आता जुन्नर-आंबेगावची शर्यत आणि आमच्याकडची शर्यत यात एप्सम आणि न्यूमार्केटएवढाच फरक. तिकडं घाट असतो, चढावर एक एक गाडा सोडतात, सेकंद मोजतात, आणि बैलांच्या पुढं घोडी पळते. इकडं सपाट मैदान, चाकोऱ्या आखलेल्या, शेजारी शेजारी गाड्या सुटतात. गट काढायचा, सेमी काढायची, मग फायनल. नियमानं अंतर हजार मीटरच्या वर नाही. "पाच फर्लांगाला सा मीटर कमी," आप्पा प्रत्येक वेळी तक्रारीच्या सुरात सांगतात.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आप्पांनी सगळ्या चाकोऱ्या छत्रीनं टोचून काढल्या. एकीला खडा, दोन आणि चारला भुसभुशीत, कडेच्यांना पाटाची ओल. तीन नंबर सोनं. सकाळी चिठ्ठी निघाली ती तीन नंबरचीच. आप्पांनी मालकाच्या पाठीवर थाप मारली. "आता बैल नसला तरी चालंल."

झेंडा पडला. दोन फर्लांग आमची गाडी वाऱ्यासारखी पुढं. मग घाटातल्या बैलाच्या ध्यानात आलं, की आपल्या पुढं घोडी नाही. त्यानं मान वर केली. मैदानाच्या कडेनं रस्ता जातो, रस्त्यावर त्या दिवशी एका लग्नाची वरात थांबलेली, नवरदेव उतरून शर्यत बघायला पुढं आलेला आणि त्याची सजवलेली घोडी एकटीच उभी. बैलानं सोन्याची चाकोरी सोडली. जोडीदारालाही सोडायला लावली. घोडी झालरीसकट शेजारच्या अंथुर्ण्याच्या दिशेनं सुटली आणि तिच्या मागं आमचा गाडा, अगदी घाटातल्या शिस्तीत. सुदैवानं कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मालक डोक्याला हात लावून खाली बसला, तेव्हा आप्पा त्याच्याजवळ गेले आणि शांतपणे म्हणाले, "जमीन बरोबर हुती."

हे वाक्य त्यांचं ब्रीद आहे. निवडणुकीत त्यांचा उमेदवार पडला, तेव्हाही तेच बोलले.

मी एकदा विचारलं, "आप्पा, एवढी वर्षं रेसकोर्सवर काढली. किती कमावले, किती घालवले?" आप्पा घसा खाकरून सुप्रीम कोर्टावर गेले. 1996 सालीच कोर्टानं निकाल दिलाय, घोड्यांची शर्यत हा नुसता नशिबाचा खेळ नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. आणि कौशल्य म्हणजे काय, तर... "जमीन," आतून काकी म्हणाल्या. "अवो, ह्यांनी एक तिकीट काढलं न्हाई आजवर. पगार झाला की माझ्या हातात. मला वाटायचं लई गुनाचा मानूस. मागनं कळलं, तिकिटावर घोड्याचा नंबर सांगाय लागतो, जमिनीचा न्हाय."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी छत्रीचं टोक पुसलं.

त्यांना रंगात बघायचं तर आषाढवारीत. तुकोबारायांची पालखी अंथुर्ण्याच्या मुक्कामाआधी बेलवाडीला थांबते, तिथं गोल रिंगण होतं. मधे पालखी, भोवती वारकऱ्यांचं कडं आणि त्यात दोन अश्व धावतात, एक स्वाराचा आणि एक देवाचा. भाव नाही, तिकीट नाही, पहिला-दुसरा नाही. अश्व गेले की माणसं टापांखालची माती घ्यायला तुटून पडतात. आप्पाही वाकतात. चिमूटभर माती उचलतात, अंगठ्या-बोटात चोळून बघतात, शेजारच्याला हळूच सांगतात, "वरनं मऊ, खालनं कडक. वळणावर जपाय पायजे," आणि मगच ती कपाळाला लावतात.

येत्या वारीत बेलवाडीला आलात, तर गर्दीत छत्रीवाले आप्पा ओळखायला अवघड नाहीत. त्यांना राम राम घाला, जमिनीचं काय ते खुशाल विचारा. घोडा कोणता पुढं होता, ते मात्र दुसऱ्या कुणाला विचारा.