बावळटपणाची बाजू

ऑगस्टात संशोधनसंस्थांमध्ये पीएचडीची नवी तुकडी दाखल होते, आणि गणपती येईपर्यंत त्यातल्या पुष्कळांची मनोमन खात्री पटलेली असते की आपली निवड चुकून झाली. एमएस्सीला वरच्या नंबरात आलेली, नेट-जेआरएफ काढलेली, मुलाखतीत न अडखळता बोललेली ही मुलं सेमिनारला मागच्या रांगेत बसतात. समोर चाललेलं कळत नसतं, आणि शेजारचा मान डोलावतो आहे हे मात्र लख्ख दिसत असतं. गाईड म्हणतात, ‘या विषयावर जरा वाच,’ आणि शोधायला बसलं की त्या ‘जरा’त चारशे पेपर निघतात. रात्री हॉस्टेलवर परतल्यावर वाटतं, कुणाच्या लक्षात येण्याआधी आपणच बॅग भरावी.

या अवस्थेची मला मनापासून स्तुती करायची आहे. मी पुण्यात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, दरवर्षी नवी तुकडी येताना बघते, आणि माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे. त्या आठवड्यांत विद्यार्थ्याजवळ सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते त्याचं बावळटपण. पदवी, नेटचे पर्सेंटाइल, एमएस्सीत केलेला प्रोजेक्ट, हे सगळं त्यानंतर. बावळटपण घालवायची घाई त्याने करू नये, आणि इतरांनी त्याला करायला लावू नये.

बालवाडीपासून एमएस्सीपर्यंत आपल्याला जे प्रश्न विचारले जातात त्यांची उत्तरं कुणाला ना कुणाला आधीच ठाऊक असतात: पेपर काढणाऱ्याला, क्लासच्या सरांना, पुस्तकाच्या शेवटच्या पानाला. त्या उत्तरापाशी लवकर पोचतो तो हुशार. संशोधनात शेवटचं पान नसतं. मार्टिन श्वार्ट्झ या पेशीशास्त्रज्ञाने २००८ साली ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’मध्ये संशोधनातल्या मूर्खपणाच्या महत्त्वावर एक छोटा निबंध लिहिला. त्याची एक अतिशय हुशार मैत्रीण पीएचडी अर्धवट सोडून कायदा शिकायला गेली होती. पुढे कधीतरी कारण निघालं तेव्हा म्हणाली, रोज आपण मूर्ख आहोत असं वाटत राहायचं, ते सहन होईना. श्वार्ट्झलाही तसंच वाटायचं. पण आपल्या कामातली एक अडचण तो हेन्री टॉब यांच्याकडे घेऊन गेला, ज्यांना पुढे १९८३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि टॉब सरळ म्हणाले, मला माहीत नाही. त्या विषयात आपल्याहून कितीतरी पटींनी जाणत्या माणसाला उत्तर ठाऊक नाही, म्हणजे ते कुणालाच ठाऊक नाही, ते आपणच शोधायचं, हा हिशेब श्वार्ट्झला तेव्हा उमगला.

आपल्याकडे समर्थांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी केला. दोघांना वेगळे समास दिले, हे मला फार मोलाचं वाटतं. साध्या मूर्खाला कळत नाही, एवढंच. तो विचारेल, सांगितलं तर ऐकेल, आज ना उद्या शहाणा होईल. पढतमूर्खाकडे वाचन आहे, शब्द आहेत, त्यामुळे त्याच्यापर्यंत काही पोचणंच बंद झालेलं असतं. पीएचडीच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत विद्यार्थी नेमका या दोन समासांच्या मधोमध उभा असतो. मागच्या रांगेत बसून, न कळताही मान डोलावण्याची सवय तेव्हाच लागते. एकदा लागली की सहा महिन्यांनी ‘हे म्हणजे काय?’ असं विचारायची सोय उरत नाही, कारण तुम्हाला ते कळतं असा सगळ्यांचा समज झालेला असतो. दुसऱ्या वर्षात भलत्याच गोष्टीवर अडलेली आणि कुणाला सांगू न शकणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यात बुद्धी कमी नव्हती. पहिल्या महिन्यात ती मुलं लवकर हुशार झाली होती.

एका प्रयोगशाळेत पाहिलेली गोष्ट सांगते. नवीन आलेल्या मुलीला सीनियर अॅगरोज जेल चालवायला शिकवत होता. आमच्या शास्त्रातलं हे अगदी पहिलं काम. जेल टाकीत ठेवायची, वर बफर ओतायचं, कंगव्याने पडलेल्या खाचांत निळा रंग मिसळलेला नमुना पिपेटने हळूच सोडायचा, झाकण लावून वीज सुरू करायची. डीएनए ऋणभारित असतो, म्हणून तो धन टोकाकडे, लाल वायरीच्या दिशेने सरकतो. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. सीनियरने बटण फिरवून १०० व्होल्ट लावले. ती म्हणाली, ‘दादा, शंभरच का?’ तो म्हणाला, ‘शंभरच लावतात.’ तिने दुसऱ्या बेंचवर विचारलं, तिथेही तेच उत्तर. मग ती प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियनकडे गेली. काका म्हणाले, ‘अगं, पूर्वीची टाकी लांब होती.’

खरा नियम असा की दोन इलेक्ट्रोडमधल्या अंतराच्या दर सेंटीमीटरला साधारण ५ व्होल्ट. जुन्या टाकीत हे अंतर २० सेंटीमीटर होतं, म्हणून १००. ती टाकी मोडीत निघाली, नवी १४ सेंटीमीटरची आली, आणि आकडा तसाच राहिला. व्होल्टेज जास्त झालं की जेल तापते, डीएनएचे पट्टे फराटतात, कडेचे पट्टे वर वळतात. तिथे पट्टे फराटल्याची तक्रार जुनीच होती आणि त्यासाठी बफर बदलून झालं होतं, अॅगरोज बदलून झालं होतं. ७० व्होल्टवर पट्टे सरळ आले. कुणाही जाणत्या माणसाला हा नियम माहीत असतो. पण जाणत्याला तो माहीत असल्यामुळेच बटणाकडे बघावंसं वाटत नाही. ज्याला काहीच माहीत नाही तोच बघतो.

जोसलिन बेलची गोष्ट खगोलशास्त्राबाहेरच्यांनीही नीट वाचावी अशी आहे. ती १९६५ मध्ये ग्लासगोहून पदवी घेऊन केंब्रिजला पीएचडीला आली. मूळची उत्तर आयर्लंडची. आजूबाजूचे सगळे इतक्या आत्मविश्वासाने वावरत की तिची खात्री झाली, आपल्याला घेण्यात यांची चूक झाली आहे, आज ना उद्या ती यांच्या लक्षात येईल आणि आपल्याला घालवून देतील. हे तिनेच पुढे अनेकदा सांगितलं आहे. तिने ठरवलं, घालवून देईपर्यंत जीव तोडून काम करायचं, म्हणजे मनाला टोचणी राहणार नाही. पहिली दोन वर्षं रेडिओ दुर्बिणीसाठी साडेचार एकरांत खांब ठोकण्यात आणि तारा ओढण्यात गेली. १९६७ मध्ये दुर्बीण सुरू झाली तेव्हा रोज शंभरेक फूट कागदावर नोंदी उमटत आणि ती त्या डोळ्यांनी तपासत असे. त्यात बोटाच्या पेराएवढीही जागा न व्यापणारी एक खरखर तिला दिसली. ती लुकलुकणाऱ्या रेडिओस्रोतासारखी दिसत नव्हती आणि माणसाच्या यंत्रांतून येणाऱ्या व्यत्ययासारखीही नव्हती. आकाशाच्या त्याच भागातून ती पुन्हा आली. वेगाने कागद सरकवून नोंद घेतल्यावर दिसलं की दर १.३ सेकंदाला एक ठोका पडतो आहे. तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना आधी वाटलं, हे मानवनिर्मितच असणार. तो सापडलेला पहिला पल्सार होता, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ-ठोके पाठवणारा तारा. फेब्रुवारी १९६८ मध्ये ‘नेचर’ला शोधनिबंध आला आणि १९७४ चं नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. बेलला त्यात वाटा मिळाला नाही, हे मला आजही पटत नाही.

पण मुद्दा त्या खरखरीचा. अनुभवी नजर ती ‘व्यत्यय’ म्हणून सोडून देऊ शकली असती. आपलं काहीतरी चुकत असेल या धास्तीत असलेली मुलगी कशालाच किरकोळ म्हणू शकत नव्हती. तिची धास्तीच तिच्या बारीक नजरेच्या मागे होती असं मला वाटतं. आज नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण अशाच पल्सारांचे ठोके टिपते, आणि त्या नोंदींसमोर बसणाऱ्यांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलंही असतात. त्यांनी बेलची धास्ती उसनी घ्यायला हरकत नाही.

माहीत नसण्याचा फायदा कधी याहून सरळ असतो. १९३९ मध्ये बर्कलीला जॉर्ज डँट्झिग हा विद्यार्थी वर्गात उशिरा पोचला, फळ्यावरची दोन गणितं गृहपाठ समजून उतरवून घेतली, नेहमीपेक्षा अवघड आहेत असं वाटूनही सोडवून दिली. संख्याशास्त्रातले ते तोवर न सुटलेले प्रश्न होते. वेळेवर आलेल्यांना ते कळलं होतं.

इथवर मी बावळटपणाची स्तुती केली. आता ज्याची स्तुती करता येणार नाही ते सांगते. जेआरएफचे महिन्याचे ३७,००० रुपये कागदावर असतात, पण पहिला हप्ता हातात पडेपर्यंत मेसचं बिल घरून मागवावं लागतं. त्यात कसलंही शहाणपण दडलेलं नाही, ती निव्वळ अनास्था आहे. आणि त्याहून खोल गोष्ट ही की बावळट असण्याची मुभा सगळ्यांना सारखी मिळत नाही. मुंबई-दिल्लीच्या नावाजलेल्या कॉलेजातून आलेल्या मुलाने साधा प्रश्न विचारला की लोक म्हणतात, ‘बेसिक्सपासून विचार करतो.’ तोच प्रश्न तालुक्याच्या कॉलेजातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने अडखळत्या इंग्रजीत विचारला की म्हणतात, ‘बेसिक्स कच्चे आहेत.’ तिला हे ऐकू जातं. मग ती आपलं इंग्रजी आणि आपलं विज्ञान यांची गल्लत करते आणि विचारणं थांबवते. आडनावावरून जातीचा अंदाज घेऊन, प्रवेश कोणत्या यादीतून झाला याची चौकशी करून बोलणारे लोकही आपल्या संस्थांमध्ये आहेत. त्यांच्यासमोर ‘मला कळलं नाही’ म्हणायला जे धैर्य लागतं ते पहिल्या महिन्यात कुणाकडे मागणं अन्यायाचं आहे.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी प्रसिद्ध आहे: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. त्या यादीच्या शेपटाला प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन आहे. अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ ड्यूई यांच्या वर्गांत बसणारा हा पदव्युत्तर विद्यार्थी भाषेच्या वर्गात बाराखडीपासून सुरुवात करत होता. आणि परदेशातल्या त्या काळाबद्दल त्यांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त नोंदवलं आहे की आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव तिथे मनातून पार पुसली गेली होती. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. पायरी खाली उतरून नव्याने शिकायचं, तर खाली उतरलेल्याला कुणी तिथेच दाबून ठेवणार नाही याची खात्री लागते.

घरच्यांचंही थोडं. दिवाळीला मुलगी घरी गेली की मावशी विचारते, ‘म्हणजे तू नक्की करतेस काय गं?’ मुलगी सांगते, माशीच्या मेंदूतल्या अमुक प्रथिनावर. मावशी विचारते, ‘आणि ते कळून काय होणार?’ मुलं या प्रश्नाने वैतागतात. मी त्यांना सांगते, मावशीला टाळू नका. पुढे सहा महिन्यांनी समितीसमोर प्रस्ताव मांडायचा असतो तेव्हा बहुतेक मुलं याच दोन प्रश्नांवर घसरतात, आणि समितीतली माणसं मावशीइतकी प्रेमळ नसतात.

म्हणून माझं मागणं विद्यार्थ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांकडे जास्त आहे. नवी तुकडी आल्यावर काही आठवडे तरी आपण त्यांच्यासमोर ‘हे तर माहीतच असेल’ हे वाक्य उच्चारू नये. स्वतःला जे ठाऊक नाही ते मोठ्याने सांगावं, टॉबसारखं. जर्नल क्लबमध्ये पहिली पंधरा मिनिटं फक्त नव्या मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावी, आणि बाकीच्यांनी, विशेषतः प्राध्यापकांनी, तोवर गप्प बसावं. प्रश्न मराठीत आला तर मराठीत घ्यावा.

आमच्याकडे हे आम्ही सुरू केलं आहे. सुरुवातीला कुणी बोलत नाही आणि ती पंधरा मिनिटं फार लांबतात, पण मध्ये कुणी पडायचं नाही एवढं पाळलं जातं. अशाच एका बैठकीत परभणीकडून आलेल्या मुलाने विचारलं, ‘सर, इथे एन बरोबर पन्नास लिहिलंय. म्हणजे पन्नास उंदीर, की पन्नास पेशी?’ वक्ता स्लाइड मागे घेऊन बारीक अक्षरं वाचू लागला. पेशी पन्नास होत्या, उंदीर तीन. एकाच उंदराच्या सतरा पेशी म्हणजे सतरा स्वतंत्र पुरावे नव्हेत, त्यामुळे निष्कर्षाची सांख्यिकी खात्री दाखवणाऱ्या, आलेखावरच्या ताऱ्यांचा अर्थच बदलत होता. उरलेला सगळा वेळ त्याच एका आकृतीवर गेला, मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही भाषांत, आणि तो मुलगा त्यात आणखी तीनदा बोलला.