हलसूर तलावातल्या माशांना खुले पत्र

बंगळुरूच्या हलसूर तलावातील समस्त मत्स्यवर्गास,
शिवाजीनगरच्या एका रहिवाशाचा सप्रेम, पण नाराजीचा नमस्कार.

मार्च २०१६ मध्ये तुमचे पूर्वज हजारोंनी पोट वर करून तरंगले, ते आम्हाला अजून विसरता आलेलं नाही. शेजारी मद्रास सॅपर्सचं लष्करी ठाणं, समोर फिरायला आलेली सभ्य माणसं, आणि अशा ठिकाणी हा तमाशा? कारण काय, तर पाण्यात प्राणवायू उरला नव्हता. शिवाजीनगरच्या बसस्टँडवर आमच्यासाठी तरी कुठे उरलाय? आम्ही मरतो का असे, चारचौघांत?

पाहुणचारात आम्ही कसर केली नव्हती. शिवाजीनगरकडून तुमच्याकडे येणारा नाला मुळात पावसाच्या पाण्याचा. पण पाऊस पडणार वर्षातले काही महिने. एरवी तो कोरडा ठेवणं बरं दिसतं का? म्हणून आम्ही त्यात मोरीचं, संडासाचं, कपडे धुतल्याचं पाणी सोडतो. त्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन खाऊन शेवाळ माजलं, तर दोष अन्नदात्याचा?

त्या शेवाळाकडून खरं तर काही शिका. मायक्रोसिस्टिस नावाचा तो हिरवा-निळा जीव पेशीत हवेच्या पिशव्या बाळगतो, ऊन दिसलं की वर येतो, वारा पडला की सायीसारखा पसरतो. वर यकृत बिघडवणारं विषही घरच्या घरी तयार करतो. याला म्हणतात उद्योग! दिवसा तो प्राणवायू सोडतो. रात्री मात्र तुमच्यासारखाच ओढतो. मेला की त्याला कुजवणारे जिवाणू उरलासुरला संपवतात. म्हणजे अडचण मुख्यतः पहाटेची. तेवढा वेळ श्वास रोखता येत नाही?

आम्ही हातावर हात ठेवून बसलो, असंही म्हणू नका. वरचा तवंग काढतो, काठाला कुंपण घालतो, फोटो काढतो. नाल्याचं तोंड फोटोत चांगलं येत नाही, म्हणून तिकडे कॅमेरा वळत नाही आणि कामही.

कोल्हापूरच्या रंकाळ्यातल्या तुमच्या भाऊबंदांचीही हीच कुरकुर. तिथे शाम सोसायटीचा नाला, इथे आमचा. सोयरिकीला हरकत नसावी.

कळावे,
नाल्याच्या वरच्या अंगाचा एक रहिवासी

ता. क. त्या शेवाळाचं विष पाणी उकळूनही जात नाही म्हणतात. तुम्ही उकळत बसू नका.