परशुरामाचं विमान
सावर्ड्याच्या नाक्यावर चहा पिताना आमच्या मित्राला परवा मिग-२१ घ्यावंसं वाटलं. वायुदलाने २०२५ च्या सप्टेंबरात ते निवृत्त केलंय, म्हणजे भंगारात स्वस्त पडेल, हा हिशोब. ठेवणार कुठे? कलमाखाली, निळ्या ताडपत्रीत. (त्याची चेतक स्कूटर तिथेच आठ पावसाळे दुरुस्तीची वाट बघतेय. सीटवर कोंबडी खुडूक बसलीय.) दाखला तयारच होता: तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये भंगारातलं डाकोटा विमान घेतलं, इंग्लंडात दुरुस्त करून वायुदलाला दिलं, २०१८ मध्ये ते उडत भारतात आलं. नाव ‘परशुराम’.

“म्हणजे आपल्या चिपळूणच्या परशुरामाचंच की रे!”

आमच्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरणही २०११ मध्येच सुरू झालेलं.

“धावपट्टी तेवढी पुरी होऊ दे,” म्हणत त्याने चहा माझ्या खात्यावर मांडायला सांगितला.