अर्धाच घ्या!

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बॉर्डरवर आहात."

एचबीएवनसी ६.१. ही ५.७ च्या खाली असली की माणूस स्वतंत्र, ६.५ ला टेकली की मधुमेहाच्या राज्यात विलीन, आणि मधला सगळा सीमाभाग. मराठी माणसाला सीमाप्रश्नाचं काय कौतुक! १९५६ पासून एक घोंगडं भिजत पडलंच आहे, त्यात माझी एक शाल. डॉक्टर म्हणाले, "गोळी देत नाही. गोड बंद करा, चालायला लागा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू." मी विचारलं, तपासणीच्या आदल्या दिवशी कडक उपास केला तर? ते हसले. तांबड्या पेशी म्हणे तीन-चार महिने जगतात आणि तेवढ्या काळात रक्तात किती साखर होती याची नोंद अंगावर वागवतात. एका दिवसाच्या पुण्याईनं ती खोडता येत नाही. आमच्या कचेरीतलं हजेरीपुस्तकसुद्धा इतकं खडूस नाही.

घरी काही अडचण आली नाही. बायकोनं साखरेचा डबा माळ्यावर टाकला, भात निम्म्यावर आणला, आणि माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ नि काकडी सुरू झाली. मधल्या भुकेला स्टीलच्या डबीत फुटाणे. शनिवार-रविवारी मी अक्षरशः ऋषी असतो. घोटाळा होतो तो सोमवार ते शुक्रवार, पावणेदहा ते सव्वासहा.

मी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत आहे. कुठल्या ते सांगत नाही. उद्या तिथलं खाणं बंद झालं तर लोक मला सोडायचे नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य सरकारनं पाच दिवसांचा आठवडा केला. त्याच्या फायद्यातोट्यांवर पुष्कळ लिहून आलं, पण एक परिणाम कोणी नोंदवला नाही. शुक्रवारी संध्याकाळी माणसं गावी जायला लागली आणि सोमवारी सकाळी खोकी घेऊन यायला लागली. आमचे सातारकर (हे आडनाव नाही, तालुका आहे) कंदी पेढे आणतात. लेखा शाखेतल्या मॅडमचं माहेर बेळगावचं, त्या कुंदा आणतात; म्हणजे माझ्या सीमाप्रश्नात पुन्हा बेळगावच. नागपूरहून बदलून आलेले संत्रा बर्फी आणतात, मालवणवाले खाजा. लोणावळ्याला नुसती गाडी थांबली तरी चिक्की येते. आणि ज्यांना जायला गावच नाही असे अस्सल पेठेतले दोघं कॅम्पात कयानी बेकरीच्या रांगेत उभे राहून श्रूजबेरी आणतात. पुण्याचा माणूस दुसऱ्यासाठी रांगेत उभा राहिला, एवढ्यावरच आपण विरघळतो, बिस्किट नंतरचं. सोलापूरचे एकटे तेवढे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन येतात. ती माझ्या पथ्यात बसते. पण ती साडेदहाला संपलेली असते.

कारणांना तोटा नाही. घर घेतलं, गाडी घेतली, मुलगी दहावी झाली, भाच्याचं लग्न ठरलं, बदली झाली, बदली रद्द झाली. शेवटच्या कारणाचे पेढे एक किलोच्या खाली कधी आलेले नाहीत.

खोकी ठेवायची जागा ठरलेली आहे, चार नंबरचं कपाट. माझं टेबल त्या कपाटाला लागून. आमचे मामा, म्हणजे शिपाई, खोक्याचा दोरा कधी कापत नाहीत. सावकाश गाठ सोडवतात, दोरा बोटाला गुंडाळून खिशात घालतात, फायलींना उपयोगी पडतो म्हणून. मग झाकण उलटं करून त्याचं ताट होतं, वरचा कागद बाजूला होतो आणि भाजलेल्या खव्याचा तो किंचित धुरकट वास निघतो. तेवढ्या वेळात मी प्रलंबित प्रकरणांच्या यादीवर नजर रोखून असतो. ही यादी गेल्या दोन महिन्यांत मी जितक्या वेळा वाचली तितकी आयुष्यात वाचलेली नाही. एकही प्रकरण निकाली निघालेलं नाही.

"घ्या सर."

"नको मामा."

इथेच सगळं चुकतं. मराठीत पहिल्या 'नको'ला अर्थ नसतो. तो शिष्टाचार आहे. पंगतीत जिलबी नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन पडतात, हे बघत आपण मोठे झालो. दुसरं 'नको' म्हणजे 'आणखी आग्रह करा'. तिसरं खरं असतं, पण आपल्याकडे तिसऱ्या स्मरणपत्राची वाट कोण बघतो? त्याच्या आत एकतर्फी निर्णय होऊन पेढा टेबलावर, आवक-जावक नोंदवहीवर. आणि त्यावरही मी हात आखडता घेतला की ते ब्रह्मास्त्र येतं: "बरं, अर्धाच घ्या!"

अर्ध्याला नाही म्हणता येत नाही. पूर्ण पेढा नाकारणारा माणूस पथ्याचा असतो. अर्धा नाकारणारा माणूस शिष्ट असतो. सातारकरांच्या मुलीला नोकरी लागली, तिच्या नावानं अर्धासुद्धा घ्यायचा नाही? म्हणून मी घेतो. अर्धा घेतल्यावर आपण अर्धा सोडला याचं समाधान इतकं दाटून येतं की दुपारी बर्फीचाही अर्धा घ्यायची नैतिक ताकद येते. एका आठवड्यात मी डायरीच्या मागच्या पानावर रेघा मारून हिशेब ठेवला. शुक्रवारी मोजल्या तर अकरा अर्धे. साडेपाच नग! सरळ रोज एक पूर्ण खाल्ला असता तर पाचात भागलं असतं.

उरलेल्या अर्ध्याचं काय होतं, हीही एक गंमत आहे. खोक्यातला शेवटचा पेढा कोणी उचलत नाही. तो घेणं म्हणजे हावरटपणा. पण त्याचा अर्धा चालतो. मग येणारा-जाणारा अर्ध्याचा अर्धा करतो. संध्याकाळपर्यंत खोक्यात एक पाव पेढा उरतो, त्याला मात्र कोणी हात लावत नाही. बत्तीस माणसांच्या कचेरीत एवढा संयम! तोच सकाळी अकराला दाखवला असता तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

पुलंच्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' ज्यानं वाचलाय, त्यानं पथ्य ही गोष्ट चारचौघांत बोलायचीच नसते. मीही बोललो नव्हतो. बोलला चहावाला. आमचा चहा खालच्या टपरीवरून किटलीत येतो, साखर घालूनच. मी त्याला हळूच म्हटलं, "उद्यापासून माझा बिनसाखरेचा." तो दारातून ओरडला, "का हो साहेब, शुगर झाली?"

बघता बघता अख्खा मजला माझ्या टेबलाशी. आस्थापनेतले म्हणाले मेथीदाणे भिजवून खा. मॅडम म्हणाल्या जांभळाच्या बियांची पूड. कुणी कारल्याचा रस, कुणी गुळवेल. सातारकर म्हणाले, "माझ्या मेव्हण्याची चारशे होती, आता काही नाही." मेव्हण्याला आता शुगर नाही की मेव्हणाच नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही. ही सगळी चर्चा कुंदा खात चालली होती. त्यातही एकानं दिलासा दिला, "गूळ चालतो तुम्हाला. गुळाचं काही होत नाही." गुळातही बहुतेक साखरच असते हे मी सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कोल्हापूरबद्दल काही वाईट बोललो. दुसऱ्या दिवसापासून गुळाची चिक्की माझ्या नावानं वेगळी यायला लागली.

दरम्यान माझे फुटाणे सगळ्यांना आवडायला लागले. "हे बरं हो, हेल्दी!" म्हणत जो तो मूठ मारून जातो. साडेअकराला डबी रिकामी. थोडक्यात, माझ्या पथ्याचा फायदा बत्तीस जणांना होतोय.

मग मी शिस्तीत जायचं ठरवलं. आमच्याकडे दोन पंथ आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा, मध्ये काही नाही. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: तूप खा, आजीनं खाल्लं ते खा, घाबरू नका. दोन्ही पंथांचे लोक एकाच टेबलावर डबा खातात आणि एकमेकांच्या डब्यात बघून खेदानं मान हलवतात. मी दीक्षितपंथात गेलो. मला वाटलं, चला, अकराच्या पेढ्याला आणि चारच्या केकला आता शास्त्रीय नकार देता येईल. पण आमची माणसं प्रेमळ. "सर मधे खात नाहीत, त्यांचा जेवताना द्या," असं ठरलं. त्यामुळे सकाळचा पेढा, आदल्या दिवशीचा केक आणि परवाचा लाडू, तिन्ही दीडला माझ्या भाकरीशेजारी हजर. पंचावन्न मिनिटं पाळली. यात डॉक्टरसाहेबांचा काडीचा दोष नाही.

सत्यनारायणाचं तर विचारूच नका. रवा, साखर, तूप, तिन्ही सव्वा-सव्वा, वर केळी. त्या शिऱ्याला मी हात जोडून म्हटलं, नुसतं दर्शन घेतो. मॅडमनी फक्त आठवण करून दिली, की साधुवाण्याची मुलगी प्रसाद न घेता धावली आणि तिच्या नवऱ्याची नाव बुडाली. माझी बढतीची फाईल तेव्हा मंत्रालयात होती. मी दोन द्रोण घेतले.

मध्यंतरी वाटलं की आता दिल्लीच मदतीला आली. २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं सरकारी कार्यालयांना सुचवलं होतं, की पदार्थात किती साखर नि किती तेल आहे हे दाखवणारे फलक लावा. जुलैत नागपूरच्या एम्समधल्या फलकांची बातमी झाली, आणि वर्तमानपत्रांत समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा येणार असं छापून आलं. लोक हळहळले. मग सरकारनं खुलासा केला, की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा वगैरे काही नाही, हे फक्त कामाच्या ठिकाणी लोकांना जाग यावी म्हणून.

आमच्याकडे जाग आली ती उशिरा, आणि अशी. एक फलक छापून आला. मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर जमल्यास दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत ठेवावी, या जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यापासून सुरुवात. खाली गुलाबजाम, शीतपेय, केक, समोसा यांची चित्रं. फलक कुठं लावायचा यावर दोन दिवस खल झाला आणि शेवटी खिळा आधीच ठोकलेला होता तिथं लागला, चार नंबरच्या कपाटावर. साहेबांच्या हस्ते अनावरण झालं. नारळ फुटला. आणि अनावरण म्हटल्यावर कोरडं कसं करायचं?

मी मुद्दाम फलकाखालीच उभा राहिलो. मॅडम खोकं घेऊन आल्या. मी बोट वर केलं. त्यांनी फलक वरपासून खालपर्यंत नीट वाचला. सरकारी नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाई. एखादं परिपत्रक कसं वाचायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको.

"यात पेढ्याचा उल्लेख नाही," त्या म्हणाल्या. "अर्धाच घ्या."

परवा तीन महिने पूर्ण झाले. पुन्हा रक्त दिलं. ६.१. ना वर, ना खाली. डॉक्टर जरा बुचकळ्यात पडले. मी रोज चार किलोमीटर चालतो, घरी साखर नाही, हे त्यांना माहीत होतं. कपाटाचं मी सांगितलं नाही. सीमेवर 'जैसे थे' आहे, एवढंच म्हटलं.

काल ऑफिसात सातारकरांनी विचारलं, "काय म्हणतोय रिपोर्ट?"

"तेवढीच आहे."

"वाढली नाही ना? मग पेढे पाहिजेत!"

टाळाटाळ करून पाहिली. माझं पहिलं 'नको' कोणी ऐकलं नाही, दुसऱ्याला मॅडमनी वर्गणीचा विषय काढला. आज सकाळी चितळ्यांकडून घेऊन आलो. अर्धाच किलो. मामांनी गाठ सोडवली, दोरा खिशात घातला.

आता साडेसहा वाजलेत. सगळे घरी गेले. खोक्यात पाव पेढा उरलाय.